प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसलेले पान

प्रस्तावना

बँकेत कर्ज मागायला जाणाऱ्या माणसाच्या हातात एक फाइल असते. तिला सगळे प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणतात. ‘प्रकल्प अहवाल’ हा शब्द बहुधा जिल्हा उद्योग केंद्राच्या पत्रकातच भेटतो. त्या फाइलमध्ये जागेचा भाडेकरार असतो, यंत्रांची कोटेशन्स असतात, कच्च्या मालाचा हिशेब, लागणारी वीज, कामगारांची संख्या आणि शेवटी पाच वर्षांचा अंदाज. पहिल्या वर्षी क्षमतेच्या साठ टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी. विक्री दर वर्षी ठरल्या टक्क्यांनी वाढते, खर्च त्याहून जरा कमी वेगाने. कर्जाचा हप्ता फेडण्याची ऐपत दाखवणारे गुणोत्तर बँकेला हवे तेवढे भरेपर्यंत सीएच्या ऑफिसातला आर्टिकलशिप करणारा मुलगा एक्सेलमधला विक्रीचा आकडा वर सरकवत राहतो. यात लबाडी आहे असे कोणाला वाटत नाही. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते ठाऊक असते, आणि त्यालाही त्याच्या वरच्यांना तीच फाइल दाखवायची असते.

याच फाइलमध्ये ‘बाजारपेठ’ असा एक मथळा असतो. त्याखाली साधारण हेच वाक्य वाचायला मिळते: सदर उत्पादनास मोठी मागणी असून भविष्यातही ती वाढत राहणार आहे. उत्पादन पेव्हर ब्लॉक असो, पनीर असो की सॅनिटरी नॅपकिन, वाक्य बदलत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून उठून आपल्याकडे का येईल, आणि आलेले गिऱ्हाईक तिसरे दुकान उघडल्यावरही आपल्याकडे का राहील, या प्रश्नासाठी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पान नसते. हाती असलेले पुस्तक त्या न लिहिलेल्या पानाबद्दल आहे.

व्यवसायाचे नियोजन आणि व्यवसायाची व्यूहरचना या दोन गोष्टी आपण बोलताना सरसकट एकात मिसळतो. व्याख्याने देणारेही मिसळतात. वार्षिक बैठकीत स्लाइडवर ‘स्ट्रॅटेजी’ असे लिहिलेले असते आणि खाली यादी असते: दोन नवी आउटलेट, वेबसाइट, सोशल मीडियासाठी एक माणूस, विक्रीत वीस टक्के वाढ. हे सगळे नियोजन आहे. त्यात चुकीचे काही नाही. फक्त मथळा दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

नियोजनात आपण आपल्या ताब्यातल्या गोष्टी मांडतो. जागा किती घ्यायची, यंत्र कोणते, माणसे किती, पैसे कोणत्या महिन्यात लागतील. या प्रत्येक व्यवहारात गिऱ्हाईक आपण असतो. पैसे आपण मोजणार असतो, त्यामुळे समोरचा आपले ऐकतो. टोरोंटो विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्यालयाचे माजी अधिष्ठाता रॉजर मार्टिन यांनी हा मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला आहे: खर्च कंपनीच्या हाती असतो, उत्पन्न गिऱ्हाइकाच्या. माणसाचा स्वभाव असा की हाती असलेल्या गोष्टींवर बोलायला त्याला आवडते, कारण तिथे चूक होण्याची भीती कमी. व्यूहरचनेत मात्र आपल्या हुकमात नसलेल्या माणसांबद्दल पैज लावावी लागते. अमुक प्रकारचे गिऱ्हाईक अमुक कारणाने आपल्याला निवडेल आणि प्रतिस्पर्ध्याला तेच सहजासहजी करता येणार नाही, एवढे ते विधान असते. ते खोटे ठरू शकते. खोटे ठरूच शकत नाही असे विधान कोणी व्यूहरचना म्हणून समोर ठेवले, तर ते नीट तपासून घ्यावे.

आपल्याकडच्या पॉलिहाउसचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. गावात एकाने अनुदान घेऊन जरबेरा लावला, पहिली दोन वर्षे दर बरे मिळाले. मग त्याच्या बांधाशेजारच्या दहा जणांनी त्याच सल्लागाराकडून, त्याच बँकेसाठी, तसाच रिपोर्ट करून घेतला. प्रत्येक रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर होता. रोपांची संख्या बरोबर, ठिबकचा खर्च बरोबर, फुलांचा उतारा बरोबर, आणि दर म्हणून पहिल्या माणसाला मिळालेला दर धरलेला. हे दहाही जण एकाच पहाटे दादरच्या किंवा पुण्याच्या मार्केट यार्डाच्या फूलबाजारात पोचले तर दराचे काय होईल, हा प्रश्न एकाही कागदावर नव्हता. मंडप सजवणारा प्लॅस्टिकच्या फुलांकडे वळला तर काय, हाही नव्हता. पुढे महाराष्ट्रातल्या पॉलिहाउसवाल्या शेतकऱ्यांना कर्जमाफीसाठी आंदोलने करावी लागली. त्यात वादळवारे, मजुरी, व्याज अशी अनेक कारणे होती. पण नियोजन चोख होते आणि तरीही धंदा बुडाला, असे का होते हे समजून घ्यायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत इतकी खोल का रुजली, याचे उत्तर आपल्या आर्थिक इतिहासात आहे. नियोजन आयोग स्थापन झाला १५ मार्च १९५० रोजी. १९५१ च्या उद्योग अधिनियमाने कोणी काय बनवायचे आणि किती बनवायचे हे परवान्यावर ठरू लागले. परवान्यात लिहिल्यापेक्षा जास्त उत्पादन काढणे हा गुन्हा होता. अशा व्यवस्थेत कारखानदाराचे कसब कशात? दिल्लीहून परवाना मिळवण्यात, परकीय चलनाचा कोटा मिळवण्यात, आणि मिळालेल्या क्षमतेतून जास्तीत जास्त माल कमीत कमी खर्चात काढण्यात. गिऱ्हाईक काय करेल याची चिंता नव्हती. ते रांगेत उभे होते.

याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण पुण्याजवळच्या आकुर्डीचे. बजाजला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. पुढची कित्येक वर्षे चेतकसाठी नंबर लावावा लागे आणि तो दहा-दहा वर्षांनी लागे. मुलाच्या मुंजीच्या सुमारास नंबर लावला की लग्नाच्या वेळी स्कूटर येईल, असा हिशेब मध्यमवर्गीय घरांत खरोखर होत असे. शोरूममधून बाहेर पडलेली स्कूटर त्याच दिवशी विकली तर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत. असे गिऱ्हाईक ज्या कंपनीला मिळाले, तिला व्यूहरचनेची गरज काय? राहुल बजाज यांनी उत्पादनावरच्या या निर्बंधांविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला होता, हे त्यांच्या बाबतीत सांगायलाच हवे. रांग ही त्यांनी निर्माण केलेली नव्हती. त्या काळात आकुर्डीने जे कमावले, म्हणजे खर्चावरचा ताबा, देशी सुटे भाग, पुरवठादारांचे जाळे, ते अस्सल कर्तृत्व होते, आणि पुढे तेच उपयोगी पडले.

रांग मग विरत गेली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. चार स्ट्रोकचे इंजिन, कमी पेट्रोल, कमी कटकट. १९९१ नंतर परवाने गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गिऱ्हाईक स्कूटरवरून मोटरसायकलवर गेलेले स्पष्ट दिसू लागले आणि देशातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी हा मान बजाजकडून हिरो होंडाकडे गेला. चेतक वाईट झाली होती असे नाही. गिऱ्हाइकाला आता निवड होती, आणि त्या निवडीबद्दल विचार करण्याची सवय कंपनीला, किंबहुना कोणत्याच भारतीय कंपनीला, लागलेली नव्हती.

२००१ मध्ये पल्सर आली. सगळे शंभर सीसी आणि मायलेज यावर भांडत असताना ताकद आणि रुबाब मागणारे तरुण गिऱ्हाईक निवडून त्याच्यासाठी दीडशे आणि एकशे ऐंशी सीसीची गाडी काढणे, ही निवड होती. पण खरी परीक्षा त्यानंतर आठ वर्षांनी झाली. डिसेंबर २००९ मध्ये राहुल यांचे चिरंजीव राजीव बजाज यांनी जाहीर केले की कंपनी स्कूटर बनवणे थांबवणार. ज्या नावावर कंपनी मोठी झाली, ‘हमारा बजाज’ची जाहिरात ज्या वाहनासाठी लिहिली गेली, तेच वाहन बंद. राहुल बजाज यांनी आपल्याला हा निर्णय आवडलेला नाही हे चारचौघांत बोलून दाखवले. घरातला मतभेद असा उघड्यावर येणे मराठी वाचकाला चमत्कारिक वाटले असेल. मला त्यात व्यूहरचनेचे सर्वांत शुद्ध लक्षण दिसते. ‘दर वर्षी पंधरा टक्के वाढ’ या वाक्यावर बाप-लेकांचे भांडण कधीच होत नाही.

राजीव बजाज यांचे म्हणणे असे: आपण मोटरसायकलचे तज्ज्ञ व्हायचे आणि गिऱ्हाईक साऱ्या जगात शोधायचे. स्कूटर आणि मोटरसायकल दोन्ही धरून ठेवले तर दोन्हींत दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर राहू. त्याआधी २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला गेला होताच. पुढच्या काळात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेच्या रस्त्यांवर बजाजच्या गाड्या पसरल्या, कंपनीच्या मालाचा मोठा वाटा निर्यात होऊ लागला आणि नफ्याचे प्रमाण या उद्योगात उठून दिसू लागले. दुसरीकडे होंडाच्या ॲक्टिव्हाने स्कूटरचा बाजार असा काही फुलवला की काही वर्षांत देशातल्या दुचाकींच्या विक्रीतला जवळपास एक तृतीयांश वाटा स्कूटरचा झाला. त्यात बजाजचा वाटा शून्य. मग निर्णय बरोबर की चूक? या पुस्तकाच्या लेखिकेला तो बरोबर वाटतो. माझे मत थोडे वेगळे आहे: सोडण्याचे धाडस बरोबर होते, पण गिअर नसलेली स्कूटर घरातल्या बाईच्या हाती जाणार आहे हे आकुर्डीला उशिरापर्यंत दिसले नाही, आणि ते दिसले असते तर सोडायची गोष्ट कदाचित दुसरी ठरली असती. २०२० च्या जानेवारीत पुणे आणि बंगळुरूमध्ये विजेवरची चेतक विक्रीला आली. तोवर या मैदानात होंडा उतरलेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुनरागमनात विसंगती वाटत नाही.

एवढ्या मोठ्या कंपनीचे उदाहरण वाचून छोटा उद्योजक म्हणेल, त्यांना परवडते. म्हणून लिज्जत पापडकडे वळतो, आणि इथे जरा रेंगाळतो, कारण नियोजन कुठे संपते आणि व्यूहरचना कुठे सुरू होते हे मला इतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

१५ मार्च १९५९. नियोजन आयोगाच्या स्थापनेला बरोबर नऊ वर्षे झाली त्या दिवशी (हा योगायोगच) गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यांच्यात जसवंतीबेन पोपट होत्या, ज्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पाठीशी छगनलाल करमसी पारेख, ज्यांना सारे छगनबापा म्हणत.

पहिल्याच वर्षी पावसाने गाठले. गच्चीवर पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या पावसाळ्याआधी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम थांबले नाही. हे नियोजन, आणि उत्तम नियोजन. अडचण कोणती हे कळले, त्यावरचा उपाय आपल्या खिशात बसणारा होता, आणि तो केला की काम झाले. पापड बनवणाऱ्या मुंबईतल्या इतर कोणालाही हा उपाय दुसऱ्याच दिवशी करता आला असता.

आता दुसरी गोष्ट. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत. एक चांगली प्रत, आणि दुसरी जरा हलकी, स्वस्तात विकायची. धंद्याच्या कोणत्याही गणितात हे शहाणपणाचे दिसते: दोन प्रकारचे गिऱ्हाईक, दोन दर, वाया काहीच नाही. छगनबापांनी सांगितले की एकच प्रत करा, आणि तिच्यात तडजोड करू नका. हलका पापड विकत घेणारे गिऱ्हाईक त्या दिवशी हातचे गेले. ते सोडण्यातून पुढचे सगळे आले. एकाच प्रतीचा पापड हजारो घरांत लाटला जाणार असेल, तर पीठ एकाच जागी, शाखेत, मळले गेले पाहिजे. पीठ शाखेत मळायचे तर बायकांनी ते घरी नेऊन, लाटून, दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचे. घरी लाटायचे तर यंत्र नको, कारखान्याची मोठी जागा नको. पण जिच्या हातात प्रत आहे, ती पगारी नोकर राहून चालणार नाही. म्हणून लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची सभासद, संस्थेच्या भाषेत ‘बहीण’, आणि नफा-तोट्याची वाटेकरी. देणग्या घ्यायच्या नाहीत, हेही सुरुवातीलाच ठरले. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज सभासद बहिणींची संख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहे.

मोठ्या भांडवलाची कंपनी लिज्जतशी स्पर्धा करायला उतरली तर ती काय करील? यंत्र आणील, जाहिरात करील, दर पाडील. पण पगार न घेणारी आणि मालक असलेली लाटणारी तिला कुठून आणता येईल? ते आणायचे तर तिला स्वतःचे भागधारक सोडावे लागतील. हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी १९९६ च्या एका गाजलेल्या लेखात म्हटले की एकेक काम प्रतिस्पर्ध्यापेक्षा चांगले करणे ही व्यूहरचना होत नाही. कामे एकमेकांत अशी गुंतलेली हवीत की एखादेच उचलून नेणाऱ्याला त्याचा उपयोग होऊ नये. तो लेख प्रसिद्ध झाला तेव्हा गिरगावातल्या गच्चीला सदतीस वर्षे झाली होती.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. छगनबापांनी किंवा त्या सात जणींनी हे सगळे आधी बसून ठरवले होते का? नव्हते. एकातून दुसरे निघत गेले. मग व्यूहरचना आधी आखता येते की मागे वळून पाहताना दिसते? या प्रश्नावर व्यवस्थापनशास्त्रात बरीच जुंपली आहे, आणि त्या वादातला लाडका दाखला होंडाचा.

१९५९ मध्येच, जून महिन्यात, होंडाने लॉस एंजेलिसमध्ये आपली कंपनी सुरू केली. जपानच्या अर्थखात्याने अडीच लाख डॉलर नेण्याची परवानगी दिली, त्यातले रोख एक लाख दहा हजार. बेत असा की अमेरिकेत मोठ्या मोटरसायकलींना मान आहे, तेव्हा दोनशे पन्नास आणि तीनशे पाच सीसीच्या गाड्यांवर भर द्यायचा. पण अमेरिकन माणूस लांबच लांब आणि वेगात गाडी चालवतो. त्या गाड्यांचे तेल गळू लागले, क्लच जाऊ लागले. इकडे होंडाची माणसे शहरात कामासाठी आपल्याच पन्नास सीसीच्या सुपर कबवर फिरत होती. लोक थांबून विचारू लागले. सिअर्ससारख्या मोठ्या दुकानदार कंपनीकडून चौकशी आली. छोट्या गाडीने आपले नाव खराब होईल म्हणून होंडाची माणसे आधी कचरली, आणि मोठ्या गाड्यांनी दगा दिल्यावरच, नाइलाजाने, छोटी गाडी पुढे केली. ती खेळाच्या सामानाच्या दुकानांतूनही विकली गेली. १९६४ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास दर दोन मोटरसायकलींपैकी एक होंडाची होती.

गंमत पुढे आहे. १९७५ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने ब्रिटिश सरकारसाठी तिथल्या मोटरसायकल उद्योगाच्या पडझडीवर अहवाल लिहिला. त्यातले होंडाचे चित्र फार रेखीव होते: देशात प्रचंड उत्पादन, त्यामुळे खर्च कमी, मग छोट्या गाडीच्या फटीतून परक्या बाजारात शिरकाव. नंतर व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड पास्काल यांनी खुद्द त्या अमेरिकेत गेलेल्या अधिकाऱ्यांनाच गाठले आणि १९८४ मध्ये गळके तेल आणि नाइलाजाची हकीकत छापली. नियोजनाचे टीकाकार हेन्री मिंट्झबर्ग यांना हाच दारूगोळा हवा होता. नियोजनातून व्यूहरचना जन्मत नाही, असे ते सांगत आलेच होते. १९९४ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला.

मिंट्झबर्ग यांचे म्हणणे मला बहुतांशी पटते. पण आपल्याकडे त्याचा एक सोयीस्कर अर्थ लगेच काढला जातो: म्हणजे आधी विचार करायची गरजच नाही, धंदा आपोआप वाट काढतो. होंडाच्या गोष्टीत सुपर कब जपानमध्ये आधीच बनून तयार होती, आणि ती स्वस्तात व टिकाऊ बनवण्याची कला दहा वर्षांच्या मेहनतीने आलेली होती. पुरावा समोर आल्यावर बेत बदलण्याची तयारी होती. आणि बदलल्यावर अर्धेमुर्धे काही केले नाही, सगळे वजन छोट्या गाडीवर टाकले. हे तीनही नसते तर तेल गळले असते आणि माणसे जपानला परतली असती.

आता आपल्या भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोलीच्या शेडमधला माणूस. तो म्हणेल, हे सगळे ठीक आहे, पण मला निवड कुठे आहे? मी जॉबवर्क करतो. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, माल गिऱ्हाइकाचा, दर गिऱ्हाइकाने पाडलेला, आणि नव्वद दिवसांनी बिल निघाले तर नशीब. आलेल्या कामाला नाही म्हणालो तर हप्ता कसा भरू? या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देणे क्रूरपणाचे आहे. तरी एक गोष्ट त्याच्याच हिशेबाच्या वहीत सापडते. ऐंशी टक्के विक्री ज्या एका कंपनीला जाते, तिने दर वर्षी दरकपात मागितली की हा माणूस काय करतो? आणखी एक व्हीएमसी मशिन घेतो. जास्त उत्पादन काढून नगामागचा खर्च खाली आणतो. म्हणजे पुन्हा कर्ज, पुन्हा प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि त्याच कंपनीवर आधीपेक्षा जास्त भार. प्रत्येक पाऊल नियोजनाच्या दृष्टीने निर्दोष, आणि दिशा अशी की सुटका दर वर्षी लांब जाते.

अशांपैकी काही जण वेगळे वागलेले मी पाहिले आहेत. एकाच शेडमध्ये, तीच यंत्रे. मोठ्या संख्येची सोपी कामे कमी करत नेली आणि वीस-पंचवीस नगांची, किचकट, कोणालाच नको असलेली कामे घ्यायला सुरुवात केली. औषधी यंत्रांचे सुटे भाग, बंद पडलेल्या परदेशी मशिनचे न मिळणारे पार्ट. मशिन जास्त वेळ बंद राहू लागले, कारण प्रत्येक कामासाठी सेटिंग नवे. मशिन किती तास चालले हे पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण दर हा माणूस सांगू लागला, गिऱ्हाईक नाही. पहिली दोन वर्षे अशा प्रत्येकाला ओढाताणीची गेली, आणि काहींना ती झेपलीही नाही.

इथे नियोजनाची बाजू घ्यायला हवी. व्यूहरचनेचे गोडवे गाणाऱ्यांना हिशेब ठेवणे कमीपणाचे वाटू लागते, आणि त्यात अनेक हुशार माणसे बुडाली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि नांगर विकले जाईनात. त्यांची पैज पुढे बरोबर ठरली. पण बरोबर ठरेपर्यंत तग धरावा लागतो. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी आसरा दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, म्हणून तो तग धरता आला. आज कोणाला औंधचे संस्थान मिळणार नाही. पैज खरी ठरायला किती महिने लागतील आणि तोवर घरभाडे, पगार, हप्ता कशातून जाईल, याचे उत्तर रोखीच्या अंदाजपत्रकातच मिळते. एखाद्या गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची किंमत किती रुपये, हे ज्याला मांडता येत नाही त्याने नाही म्हणू नये. या पुस्तकाची मला आवडलेली गोष्ट हीच की लेखिका आकड्यांना घाबरत नाही आणि आकड्यांच्या मागे लपतही नाही.

दोन तक्रारी नोंदवतो. पुस्तकात तक्ते जरा जास्त झाले आहेत. चार चौकोनांत बलस्थाने आणि उणिवा भरून घेण्याचा प्रकार आता शाळेच्या प्रकल्पवहीपर्यंत पोचला आहे, आणि त्यातून कोणी काही सोडल्याचे मी ऐकलेले नाही. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. धंदा बंद कधी करावा यावर इथे प्रकरण नाही. मराठी कुटुंबात दुकानाला कुलूप लावणे ही अब्रूची गोष्ट मानली जाते, आणि त्यापायी घरे, दागिने, जमिनी गेलेल्या आपण पाहतो. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण यावे, अशी लेखिकेला माझी विनंती आहे.

वाचकांना एकच सांगणे. प्रकरणांच्या शेवटी दिलेले प्रश्न एकट्याने सोडवू नका. तुमच्या धंद्यात हिशेब पाहणारे माणूस आणि गिऱ्हाइकाशी बोलणारे माणूस बहुधा वेगळे असेल. बऱ्याचदा ते नवरा-बायको किंवा दोन भाऊ असतात. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर उत्तरे लिहावीत: आपले गिऱ्हाईक कोण, ते आपल्याकडेच का येते, आणि कोणते काम आपण यापुढे घेणार नाही. मग कागद शेजारी शेजारी ठेवावेत. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे जुळली नाहीत, तर पुढचे प्रकरण वाचायची घाई करू नये.